पावसाळी सीझन २०२६: धबधब्याची नको, आपल्या छपराची जाहिरात करा

या आठवड्याच्या व्हिडिओत पावसाळी पर्यटनाच्या जाहिरातीबद्दल बोलले, पण तारखा आणि आकडेमोड बोलण्यात बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊन बसा. कालनिर्णयही भिंतीवरून काढून समोर ठेवा, आज त्याचं काम आहे.

हा लेख खोपोली, कर्जत, खालापूर पट्ट्यातल्या लहान माणसासाठी आहे. घरगुती जेवण देणारे, दोन खोल्यांचा होमस्टे चालवणारे, शेतघर भाड्याने देणारे, चहा-भजीची गाडी लावणारे, पिकनिकचे ग्रुप आणणारे. शंभर खोल्यांच्या रिसॉर्टकडे जाहिरातीचा वेगळा माणूस असतो. आपल्याकडे आपणच असतो आणि पैसेही मोजकेच असतात, त्यामुळे आपली आखणी त्यांच्यासारखी करून चालत नाही.

आधी सीझन मोजा

आपण सवयीने म्हणतो, "पावसाळा चार महिने." धंदा मात्र चार महिन्यांचा नसतो, शनिवार-रविवारचा असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे शनिवार-रविवार मोजणं.

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. आपल्याकडे त्याच्या एक-दोन दिवस मागेपुढे धरा. म्हणजे पहिला शनिवार १३ जून. शेवट कुठे करायचा? माझ्या मते गणपतीला. गणपती आले की मुंबई-पुण्याचा माणूस एकतर गावी जातो नाहीतर घरच्या आरतीत असतो. त्यानंतर लगेच पितृपक्ष, तोपर्यंत पाऊस ओसरतो.

आता यंदाची खरी गंमत बघा. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे पुढचे सगळे सण जवळजवळ तीन आठवडे उशिरा आलेत. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, दीप अमावास्या २४ जुलैला होती आणि गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला. यंदा दीप अमावास्या १२ ऑगस्टला आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. पाऊस काही पंचांग बघून येत नाही, तो त्याच्या वेळेला येणार. म्हणजे पाऊस तोच आणि त्यात बसणारे दिवस जास्त.

मोजून बघा. गेल्या वर्षी १४ जूनपासून श्रावण लागेपर्यंत सहा शनिवार-रविवार मिळाले होते. यंदा १३ जूनपासून श्रावणापर्यंत नऊ मिळतात. श्रावणापासून गणपतीपर्यंत तेव्हाही पाच होते, यंदाही पाचच. एकूण अकराचे चौदा झाले, आणि वाढलेले तिन्ही श्रावणाच्या आधीचे! ज्यांचं ताट मटण-भाकरीचं, गावठी कोंबडीचं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गटारीचा रविवार ९ ऑगस्टला येतो, ते पान आत्ताच दुमडून ठेवा.

पण चौदाच्या चौदा हातात धरू नका. १३-१४ जून अधिक महिन्यात आहे, काही घरांत अधिकातही सामिष बंद असतं. शिवाय तेव्हा जमीन नुसती भिजत असते, डोंगर वाहायला अजून वेळ असतो. २५ जुलै हा ऐन सीझनचा शनिवार आषाढी एकादशीचा आहे. त्या दिवशी पाटीवर साबुदाणा खिचडी आणि रताळ्याचा कीस नसेल तर घरातल्या आईसाठी तुमच्याकडे काहीच नाही, आणि आई उपाशी असेल तर सगळी गाडी दुसरीकडे वळते. १२-१३ सप्टेंबरला अर्धी मुंबई मखराच्या खरेदीत असेल. त्यातून दोन-तीन शनिवार-रविवार अतिवृष्टीचे किंवा बंदीचे जाणारच. मी स्वतः हिशेब मांडते तेव्हा नऊ धरते. नऊच्या वर मिळाले तर देवाची कृपा.

वर्षभराच्या भाड्याचा, हप्त्याचा मोठा वाटा या नऊ शनिवार-रविवारांतून काढायचा असतो. म्हणून जाहिरातीला घाईत हात घालायचा नाही.

धबधबा तुमच्या मालकीचा नाही

मेच्या शेवटी आपल्या भागातल्या कुठल्याही लहान व्यावसायिकाचं इन्स्टाग्राम उघडा. धबधब्याचा फोटो, बहुतेक वेळा दुसऱ्याचा उचललेला, त्यावर "पावसाची मजा लुटायला या" आणि खाली मोबाईल नंबर. झेनिथचा धबधबा नाहीतर भिवपुरीचा, नाहीतर सोलनपाड्याचं धरण. विकणारे पन्नास, फोटो एकच.

यात दोन घोटाळे आहेत. पहिला साधा: सगळ्यांचा फोटो एकच असेल तर गिऱ्हाइकाने तुमच्याकडेच का यावं? धबधबा बघून तो येईल, धबधब्यावर जाईल, शेजारच्या गाडीवर भजी खाईल आणि परत जाईल. जाहिरातीचे पैसे तुमचे, गल्ला शेजारच्याचा.

दुसरा घोटाळा जास्त गंभीर. धबधबा एका कागदाने बंद होतो. आपल्याकडे पावसाळ्यात धबधबे, धरणं, नदीकाठ इथे जायला बंदीचे आदेश निघतात, हे तुम्ही बघितलंय. पूर्वी आपण त्याला "१४४ लावलं" म्हणायचो. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आता तेच काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली होतं. कलम बदललं, पण वाटेवर पोलीस उभे राहतात ते राहतातच. बंदी उगाच येत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. पाणी वाढायला काही मिनिटं पुरली. आपला झेनिथ तर खोपोली शहराला लागून, स्टेशनवरून चालत जाण्यासारखा, आणि तिथेही माणसं गेलेली आहेत.

तुम्ही पोस्टमध्ये "या, भिजा, उड्या मारा" लिहिता तेव्हा, वरच्या डोंगरात किती पाऊस पडतोय याची कल्पना नसलेल्या माणसाला त्या दगडावर बोलावत असता. नुसतं धंद्याच्या बाजूने बघितलं तरी हे परवडत नाही. माणूस जातो, बंदी येते आणि पुढचे तीन आठवडे सगळ्यांचेच कोरडे. कोणाच्या घरात काय झालं ते तर पैशात मोजायचंच नसतं.

मग जाहिरात कशाची करायची? जे तुमच्या मालकीचं आहे त्याची. वहीत यादी करा. गळत नाही असं छप्पर. कोरडी बसायची जागा. बायकांना कपडे बदलायला आतून कडी असलेली खोली. स्वच्छ संडास-बाथरूम. गरम पाणी. चिखलात रुतणार नाही असं पार्किंग. खिडकीतून दिसणारा डोंगर. तुमच्या आईच्या हातचं जेवण. लांबून दिसणारा धबधबा, हो, तोही चालेल, कारण तो बंदीच्या दिवशीही दिसतो.

पावसाळी सहलीला येणाऱ्या कुटुंबात ठिकाण पुरुष सुचवतो, पण "तिथे बाथरूम नीट आहे का?" हा प्रश्न बाई विचारते आणि त्या प्रश्नावर बेत ठरतो किंवा फिसकटतो. मला इतक्या वर्षांत बाथरूमचा फोटो टाकणारा होमस्टेवाला क्वचित दिसला. तुम्ही टाका. लाजू नका.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. केरळने पावसाळा कसा विकला ते बघा. तिकडे आपल्यापेक्षा आधी पाऊस सुरू होतो, आणि एकेकाळी तो त्यांचाही बिनगिऱ्हाइकी काळ होता. कर्किडकम म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्टचा महिना. हवेत गारवा-ओलावा असताना आयुर्वेदाचे उपचार चांगले लागू पडतात असं तिकडे पूर्वापार मानतात. त्यांनी तेच पुढे केलं. पाऊस बाहेर पडतोय, तुम्ही आत तेलाच्या मालिशला आहात. जवळचं उदाहरण हवं तर आपल्याच कर्जत तालुक्यातलं माथेरान. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन बंद असते, अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. गाड्यांना आत बंदी आहेच. तरी माणसं जातात, कारण धुकं आणि व्हरांडा या दोन गोष्टी तिथे कोणी बंद करू शकत नाही.

आता ताटाचं बोलू. हा आपला सगळ्यात दणकट माल आहे आणि आपण तो सगळ्यात कमी वापरतो. जूनच्या सुरुवातीला बाजारात शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, पुढे करटुली. कातकरी आणि ठाकर बायका पाटी घेऊन बसतात, आपण दोन जुड्या घेतो आणि विसरून जातो. डोंबिवलीच्या माणसाला यातल्या निम्म्या भाज्या नावानेही माहीत नसतात. दर मंगळवारी एक मिनिटाचा व्हिडिओ टाका: "या शनिवारी ताटात काय." भाजी कशी दिसते, कशी निवडतात, शेवळांची खाज काढायला काय घालतात. दर आठवड्याला भाजी बदलते, म्हणजे दर आठवड्याला नवीन जाहिरात, तीही फुकट. श्रावणात सामिष बंद झालं की हेच ताट तुम्हाला तारून नेतं. एकच विनंती, पाटीवाल्या मावशीला न विचारता तिचं शूटिंग करू नका, आणि तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करून तीच भाजी अडीचशेच्या ताटात वाढू नका.

जाहिरातीचा मजकूर कसा असावा, एक नमुना देते:

"शनिवार, ४ जुलै. खोपोली स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं. कौलारू पडवीत बसून डोंगर बघा. दुपारी टाकळ्याची भाजी, तांदळाची भाकरी, पिठलं, गरम भात. कपडे बदलायला स्वतंत्र खोली, गरम पाणी. एका वेळी तीसच माणसं, म्हणून आधी मेसेज करा. आम्ही कोणालाही धबधब्यात नेत नाही. पाऊस फार असला तर तुमची तारीख पुढे देतो."

शेवटची दोन वाक्यं काढू नका. तुम्हाला वाटेल, याने गिऱ्हाईक पळेल. जे पळेल ते दारूच्या बाटल्या घेऊन येणारं टोळकं. जे थांबेल ते मुलाबाळांचं कुटुंब, आणि ते पुढच्या वर्षीही येईल.

रिकाम्या खुर्चीसाठी पैसे खर्च करा

हा भाग व्हिडिओत मी घाईत सांगितला, म्हणून इथे सावकाश. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा तुमच्याकडे एकावेळी तीस माणसं बसतात आणि दुपारी दोन पंगती होतात. म्हणजे दिवसाला ६० ताटं. ताट २५० रुपयांना. सामान, गॅस, वाढप्याची मजुरी धरून ताटामागे खर्च १५०. हाती १०० राहतात.

जुलैतला रविवार. रस्त्याने जाणारी गर्दी एवढी की जाहिरात न करता ५५ ताटं उठतात. रिकामी राहतात पाच. तुम्ही रविवारसाठी १००० रुपयांची जाहिरात केलीत. ती कितीही चांगली चालली तरी तुम्ही विकू शकता पाचच ताटं, म्हणजे ५०० रुपये. पाचशेचा तोटा तिथेच पक्का. वर जाहिरात बघून आलेली दहा माणसं जागा नाही म्हणून पावसात उभी राहणार आणि गुगलवर एक तारा देऊन जाणार. पैसे देऊन वाईट नाव विकत घेतलं!

आता शनिवार. साठपैकी २५ उठतात, ३५ रिकामी. इथे १००० रुपये लावले आणि पंधरा मेसेज आले, त्यातल्या पाच कुटुंबांनी बुकिंग केलं, कुटुंबात चार माणसं, तर २० ताटं. म्हणजे २००० रुपये, जाहिरातीचे हजार वजा जाता हजार हातात. एका कुटुंबामागे जाहिरातीला २०० गेले आणि त्याच्याकडून ४०० राहिले. माझा नियम असा की निम्म्याच्या वर गेलं तर ती जाहिरात बंद करून मजकूर किंवा फोटो बदलायचा. पुढच्या वेळी तेच कुटुंब थेट फोन करून आलं तर जाहिरातीचा खर्च शून्य, म्हणून नंबर जपून ठेवायचा.

आणि शुक्रवार? साठपैकी पाच. पंचावन्न खुर्च्या रिकाम्या, छप्पर तेच, पाऊसही तोच. खरा पैसा या आडवारी आहे आणि आपल्या पट्ट्यात तो उचलायला कोणी जात नाही.

आडवारी मोकळं कोण असतं? महिलांचे भिशीचे ग्रुप आणि ज्येष्ठ नागरिक संघ. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, ठाणे इथे जवळपास प्रत्येक वॉर्डात असे ग्रुप आहेत. आता लोकलचा विचार करा. सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे जाते. कर्जत-खोपोलीकडे येणाऱ्या गाडीत त्या वेळी बसायला जागा मिळते. दुपारी तीन-साडेतीनला परत निघालं तर संध्याकाळची गर्दी समोरून येत असते, यांच्या डब्यात नाही. वीस बायकांचा ग्रुप, ना ट्रॅफिक, ना पार्किंग, ना घाटाची भीती. वीस ताटांचे २००० हाती राहतात आणि जाहिरातीचा खर्च एक फोन. रविवारी मात्र ग्रुपला रेल्वेने बोलवायच्या आधी मेगाब्लॉक बघा, आणि कर्जतहून खोपोलीची गाडी चुकली तर पुढची लगेच नसते हेही आधीच सांगा. वेळापत्रकाचा फोटो मेसेजमध्ये तयार ठेवा.

अशा ग्रुपपर्यंत पोहोचायला फेसबुकची जाहिरात लागत नाही. ग्रुप चालवणाऱ्या एका ताईला किंवा संघाच्या सचिवांना मेच्या अखेरीस स्वतः फोन करायचा, जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघांना फुकट जेवायला बोलवायचं. त्यांनी बाथरूम बघितलं, जिना किती पायऱ्यांचा ते मोजलं की काम झालं. ज्येष्ठांना पायऱ्या, पाठीला टेकायची खुर्ची आणि कमी तिखट या तीन गोष्टी सांभाळा, बाकी ते सांभाळून घेतात.

पैसे कुठे घालायचे

इथे भराभर सांगते, कारण प्रत्येकावर वेगळा व्हिडिओ आहे.

सर्वात आधी गुगलवरची नोंद. फुकट आहे. नकाशावरची खूण बरोबर दारात आहे का, ते दुसऱ्याच्या मोबाईलवरून तपासा. वेळ, फोन, नवीन फोटो. रस्त्यात असलेला माणूस "जवळ जेवण" शोधतो तेव्हा हेच दिसतं. इमॅजिका २०१३ पासून खोपोली-पाली रस्त्याकडे गर्दी खेचतेय, महडच्या वरदविनायकाला संकष्टीला रांग असते. त्यांनी आणलेला माणूस परतताना भुकेला असतो. त्याला आणायचा खर्च दुसऱ्यांनी केलाय, तुम्ही फक्त नकाशावर दिसायचं.

दुसरं, व्हॉट्सॲप बिझनेस. कॅटलॉगमध्ये ताटाचा, खोलीचा फोटो आणि भाव. "भाव मेसेजवर कळवू" असं लिहू नका, लोक कंटाळून पुढे जातात. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून जाताना गिऱ्हाइकाला तेवढं सेव्ह करायला सांगा.

तिसरं, फेसबुक-इन्स्टाग्रामची पैशाची जाहिरात. हजार रुपये भरले की त्यात १८ टक्के जीएसटी आला, जाहिरातीला उरतात साधारण ८४७. ५ टक्के जीएसटीवाल्या रेस्टॉरंटला त्या कराची वजावट मिळत नाही आणि नोंदणीच नसलेल्यालाही नाही, म्हणून हिशेबात पूर्ण हजार धरा. ठिकाण निवडताना खोपोली टाकू नका, खोपोलीकरांना खोपोलीचा पाऊस दाखवून काय मिळणार! गिऱ्हाईक राहतं ते गाव टाका. त्यातही दोन वेगळ्या जाहिराती करा. ठाणे ते बदलापूर हा रेल्वेचा पट्टा, त्यांना गाडीची वेळ आणि रिक्षा सांगा. पनवेल, खारघर, पिंपरी-चिंचवड हा कारचा पट्टा, त्यांना पार्किंग आणि एक्सप्रेसवेवरून कुठे बाहेर पडायचं ते सांगा. बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार रात्र एवढंच चालवा. सोमवारी कोणी शनिवारचा बेत करत नाही.

चौथं, स्टेशनवरचे रिक्षावाले दादा. उतरलेला माणूस पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टँडवर जाऊन सगळ्यांना एकदा घरी जेवायला बोलवा आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं एकेक कार्ड द्या. कागदाचं कार्ड पावसात दोन दिवसांत लगदा होतं.

फ्लेक्सबद्दल मी थोडी कडक आहे. पावसाळ्यात फ्लेक्स फाटतो, उडतो, रस्त्यावर येतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. तुमचा फ्लेक्स सहा बाय चारचा असेल, पण दुचाकीवाल्याच्या तोंडावर आला तर तेवढा पुरतो. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय लावू नका, आणि त्यातले पैसे वाचवून दारावर पत्र्याची रंगवलेली एक चांगली पाटी करा. ती पाच वर्षं टिकेल.

पर्यटकांशी थेट संबंध नसलेल्या दुकानदारांनाही यात जागा आहे, बरं का. माझ्याच दुकानात जूनमध्ये मोबाईलचे प्लॅस्टिक पाऊच, टॉवेल आणि साध्या रबरी चपला पुढच्या मांडणीवर येतात. होमस्टेवाल्याशी बोलून त्याच्याकडे एक छोटी ट्रे ठेवा, त्याचीही सोय होते.

थांबवायचं बटण आधी ठरवा

सीझनच्या जाहिरातीत लोक सुरू कधी करायचं ते ठरवतात. बंद कधी करायचं ते आपल्या भागात जास्त महत्त्वाचं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. झोपलेली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी सगळा तालुका चौकच्या दिशेने धावत होता. आता कल्पना करा, अशा सकाळी तुमच्या पेजवरून "धो धो पावसात धमाल" अशी पोस्ट आपोआप जाते, कारण ती तुम्ही रविवारीच वेळ लावून ठेवली होती. मशीनला कळत नाही. बघणाऱ्याला एवढंच दिसतं की हा माणूस आज भजी विकतोय.

म्हणून एका कागदावर तीन ओळी लिहून गल्ल्याजवळ चिकटवा. हवामान खात्याचा रायगडला ऑरेंज अलर्ट आला: पैशाची जाहिरात बंद, बुकिंगवाल्यांना फोन, यायचं की तारीख बदलायची ते त्यांना विचारा. रेड अलर्ट आला: आपणच पुढची तारीख द्या, कोणाला बोलवू नका, स्वतःच्या माणसांनाही. तालुक्यात दुर्घटना झाली: जाहिरात, वेळ लावलेल्या पोस्ट, स्टेटस सगळं बंद, आणि आपल्या खोल्या, गाडी, स्वयंपाकघर कोणाला हवंय का ते विचारायला बाहेर पडा. तुमच्या पेजचा पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत हवा. रात्री तुमचा फोन बंद असेल तर हे बटण दुसऱ्याला दाबता आलं पाहिजे.

ॲडव्हान्सचं धोरणही आत्ताच ठरवा आणि लिहून द्या. मी सुचवते ते असं: ताटाच्या भावाच्या २० टक्के आधी. गिऱ्हाइकाने आयत्या वेळी रद्द केलं तर परत नाही, तारीख एकदा बदलून मिळेल. रेड अलर्ट किंवा बंदीचा आदेश असेल तर त्याच दिवशी पूर्ण पैसे परत, न मागता. तुम्ही न मागता परत केलेले दोनशे रुपये तो सोसायटीच्या ग्रुपवर सांगतो. असली जाहिरात विकत मिळत नाही.

आता हातात काय आहे

जूनच्या दुसऱ्या शनिवारला जेमतेम पाच आठवडे राहिलेत. या आठवड्यात छपरावर माणूस चढवा आणि गळती बघा. ज्या छपराची जाहिरात करायची तेच गळत असेल तर पुढचं सगळं फुकट. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेल्या पावसाळ्यातले स्वतःच्या जागेचे फोटो शोधा. नसतील तर भावाच्या, शेजाऱ्याच्या, जुन्या गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये असतातच, विचारून घ्या. मेच्या रखरखीत फोटोवर हिरवा रंग चढवू नका, दोन पैशांचं ॲप असलं तरी ते दिसतं. मेच्या शेवटी भिशी ग्रुपना फोन. जूनच्या पहिल्या आठवड्यात रिक्षा स्टँड, गुगल, कॅटलॉग. पैशाची पहिली जाहिरात १० जूनच्या बुधवारी, पाचशे रुपयांपेक्षा जास्त नाही, फक्त कुठला फोटो चालतो ते बघायला.

आणि पहिल्या दिवसापासून गल्ल्याशेजारी एक वही. पाच रकाने: तारीख, किती माणसं, कुठून आले, कसं कळलं, फोन नंबर. "कसं कळलं" हे प्रत्येकाला विचारा, बिल देताना, हसून. कोणी रिक्षावाल्याचं नाव सांगेल, कोणी इन्स्टाग्राम, कोणी "डोंबिवलीच्या काकूंनी सांगितलं". सप्टेंबरमध्ये ही वही घेऊन बसा आणि प्रत्येक मार्गावर किती पैसे गेले, किती ताटं आली ते समोरासमोर लिहा. रकान्यांचा छापील तक्ता व्हिडिओच्या खाली ठेवलाय, झेरॉक्स करून घ्या. ज्यांना आपल्या जागेचे आकडे घालून बघायचेत त्यांनी आसनसंख्या, ताटाचा भाव आणि ताटामागचा खर्च एवढं मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, ३१ मेपर्यंत आलेल्यांपैकी तीन-चारांचा हिशेब पुढच्या व्हिडिओत नाव न घेता मांडून दाखवते.